उतरणीच्या अटी

वसई-विरारच्या रहिवाशाला डोंगर आठवतो तो पावसाळ्यात, चिंचोटीच्या धबधब्यावर किंवा तुंगारेश्वरला जाताना. त्या डोंगरांमागे जमीन टप्प्याटप्प्याने उंचावत जाते आणि जव्हार-मोखाड्याच्या पठाराला भिडते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून वसईची किनारपट्टी आणि हे पठार एकाच जिल्ह्यात आहेत; त्याआधीही दोन्ही ठाणे जिल्ह्यातच होती. तरी 2011 च्या जनगणनेचे आकडे शेजारी ठेवले की एका जिल्ह्याचा भास होत नाही. वसई तालुक्यात 13 लाख 43 हजार माणसे, मोखाड्यात जेमतेम 83 हजार, आणि त्यांतली दहापैकी नऊहून अधिक आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पठारावरच्या एखाद्या लहानशा पाड्याविषयी बोलताना 'दुर्गम' हा शब्द इतक्या सहज तोंडी येतो की पुढे विचार करण्याची गरजच उरत नाही. रस्ता झाला, मोबाईलचा मनोरा उभा राहिला की दुर्गमता संपेल आणि गाव मार्गी लागेल, असा एक सरधोपट हिशोब त्यामागे असतो. मला तो पटत नाही. हे पाडे शहरापासून तुटलेले नाहीत. उलट फार जुन्या आणि घट्ट व्यवहाराने ते शहराशी बांधलेले आहेत. तिथली माणसे खाली येतात, तिथले पाणी खाली येते. डोंगरावरच्या गावाचे काय होणार हे अंतरावर ठरत नाही, कोणत्या अटींवर खाली उतरावे लागते यावर ठरते. हा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक लांबचे उदाहरणही मी पुढे घेणार आहे, सुमात्रा बेटावरच्या बाताक लोकांच्या डोंगरी गावांचे.

मोखाड्यातले महसुली गाव नकाशावर एक ठिपका असते. प्रत्यक्षात ते चार-सहा पाड्यांचे असते, मध्ये एखादा ओढा नाहीतर टेकाड टाकून वसलेले. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर माती-शेणाचा लेप, आणि आता त्यांच्या शेजारी घरकुल योजनेतली विटांची घरे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खुरासणी. खालच्या खाचरात भात. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाबरोबर रोप टाकायचे, मग लावणी. वाघबारशीला वाघदेवाची पूजा, नव्या धान्याबरोबर कणसरीचा मान, तारप्याभोवतीचा नाच, उन्हाळ्यात बोहाड्यातली मुखवट्यांची सोंगे. पर्यटनाच्या पुस्तिका इथे थांबतात. पाड्याचे वर्ष मात्र इथे अर्धेच झालेले असते. बेसाल्टचा कातळ पाणी धरत नाही, उतारावरून पाऊस वाहून जातो, आणि बहुतेक शेत एकाच पिकाचे. खळ्यातून घरात आलेले धान्य पुढच्या पावसापर्यंत पुरत नाही. म्हणून दिवाळी उरकली की कुटुंबेच्या कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि लहान पोरे घेऊन टेंपोत बसतात. मागे राहतात म्हातारी माणसे. शिमग्याला काही जण चार दिवस वर येतात. बाकीची परततात ती मेच्या अखेरीस, राबाची राख अजून शेतात असताना. जून ते दिवाळी गावात आणि दिवाळी ते मे खाली, असे दोन ठिकाणी वाटलेले हे जगणे आहे. ज्या सरकारी नोंदींत माणसाचा पत्ता एकच असतो, त्यांत ते बसत नाही.

खाली म्हणजे कुठे? नाक्यावरची बिगारी, रेती, बागायती असे कामाचे अनेक प्रकार आहेत, पण सर्वांत मोठा आणि सर्वांत बोलका प्रकार वीटभट्टीचा. वसई, वाडा, भिवंडी, शहापूर या तालुक्यांतल्या भट्ट्या शहरांच्या बांधकामाला वीट पुरवत आल्या आहेत. या कामाची सुरुवात भट्टीवर होत नाही, पाड्यावर होते, आणि तीही पावसाळ्यात. श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी असते, घरात कोणी आजारी असते, लग्नाचे देणे डोक्यावर असते. तेव्हा मुकादम किंवा मालक बयाणा देतो. तो घेतला की दिवाळीनंतर कुठल्या भट्टीवर जायचे, हे ठरून गेले. तिथे मातीचा गारा करणे, साच्यातून विटा पाडणे, त्या वाळवणे, रचणे ही कामे नवरा-बायको मिळून करतात, हाताशी येणारी मुलेही करतात, आणि मजुरी मोजली जाते ती हजार विटांवर. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. हंगाम संपला की हिशोब होतो: पाडलेल्या विटांचे पैसे, वजा खर्ची, वजा बयाणा. वही मालकाची, मोजणी मालकाची. अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या तर त्यांचा भार अनेकदा मजुराच्या खात्यावर पडतो. हिशोबात देणे उरले तर पुढच्या वर्षीची भट्टीही ठरली. या व्यवहारात दर कितीही असला तरी तो ठरवण्याची वेळ मजुराच्या सर्वांत वाईट महिन्यात येते, आणि सगळी गोम तिथेच आहे.

हे नवे नाही. लग्नासाठी कर्ज घ्यायचे आणि मग नवरा-बायकोने सावकाराच्या घरी राबायचे, या प्रथेला डहाणू-तलासरी-उंबरगाव पट्ट्यात लग्नगडी म्हणत. 1945 साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो उठाव केला, त्यात वेठ आणि लग्नगडी मोडली गेली. 1976 साली वेठबिगारी देशभर कायद्याने बंद झाली. तरी 1980 च्या दशकात खुद्द वसई तालुक्यात वेठबिगार होतेच, आणि त्यांच्या मुक्तीच्या कामातून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना 1982 साली उभी राहिली. उसगाव हे तिचे केंद्र. भट्टीवरच्या मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. त्या भोंग्यांत अडकलेल्या मुलांसाठी याच मंडळींच्या 'विधायक संसद' या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. म्हणजे शहराला हा प्रश्न ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. आज भट्टीवरचा प्रत्येक मजूर वेठबिगार आहे असे मी म्हणत नाही. कित्येक भट्ट्यांवर हिशोब चोख होतो, आणि काही कुटुंबे हातात रोख रक्कम घेऊन घरी जातात. पण चोख हिशोब मिळणे हे मालकाच्या स्वभावावर अवलंबून असेल तर त्याला हक्क म्हणता येणार नाही. कायद्याची गंमत पाहा: स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली जो केंद्रीय कायदा झाला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांपुरताच होता. मोखाड्याहून वसईला आलेला मजूर त्या व्याख्येत स्थलांतरित ठरतच नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडली नव्हती.

माणसांच्या पाठोपाठ पाणी. मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले. 2014 पासून त्याचे दिवसाला 45 कोटी 50 लाख लिटर पाणी मुंबईला जाते. सूर्या नदीवरचे धामणी धरण मुळात डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतल्या शेतीसाठी होते. आता त्यावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची 40 कोटी 30 लाख लिटरची योजना आहे. त्यातले 18 कोटी 50 लाख लिटर रोज वसई-विरारला आणि 21 कोटी 80 लाख मीरा-भाईंदरला द्यायचे ठरले आहे. शहराला पाणी नको असे कोणी म्हणणार नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीत पहाटे हंडे घेऊन उभी असलेली बाईदेखील गरीबच आहे, आणि तिची तहान खोटी नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते, आणि तेच मोखाडा एका महानगराला बारमाही पाणी देते, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की निसर्गाने अन्याय केला असे म्हणायची सोय उरत नाही. पाऊस पठारावर पडतो, तो अडवण्याचा खर्चही सरकार करते. फक्त अडवलेले पाणी कुणाच्या नळाला जाईल, हे वेगळ्या कार्यालयात ठरते.

आता सुमात्राकडे वळू. उत्तर सुमात्रातले तोबा सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातून तयार झालेल्या विवरात पसरले आहे. त्याच्या काठी, मधल्या सामोसिर बेटावर आणि आसपासच्या डोंगरांत तोबा, कारो, सिमालुंगुन, पाकपाक, अंगकोला, मांडाइलिंग या बाताक गटांची गावे आहेत. तोबांच्या पारंपरिक गावाला हुता म्हणतात: भोवती मातीचा बांध आणि बांबूची दाट बेटे, आत समोरासमोर लाकडी घरांच्या दोन रांगा, दोन्ही टोकांना उंचावलेली छपरे. गाव मुळात एका कुळाने वसवलेले असते. या कुळाला मार्गा म्हणतात. एका मार्गात लग्न होत नाही, आणि जमिनीवरचा हक्क मार्गातून येतो. समाजाची घडी तीन नात्यांवर उभी आहे: बायको जिथून आली ते घराणे, आपले भाऊबंद, आणि आपल्या मुली जिथे दिल्या ते घराणे. बाताक लोक या रचनेला तीन दगडांची चूल म्हणतात. आपल्याकडच्या कुठल्याही सोयऱ्याधायऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

बाताक गावेही स्थलांतराने रिकामी होत आली आहेत. मेदान, जाकार्ता आणि इतर शहरांत पिढ्यान्‌पिढ्या बाताक स्थायिक झाले आहेत. वकिली, सैन्य, शिक्षण, वाहतूक अशा क्षेत्रांत त्यांचे नाव आहे. पण जाणारा माणूस गावातून वजा होत नाही. शहरात मार्गाची मंडळे असतात, लग्न आणि मर्तिकाला तीन नात्यांची माणसे आपापल्या जागी उभी राहावी लागतात, आणि 1960 च्या दशकानंतर तर शहरातल्या पैशावर पूर्वजांची मोठमोठी सिमेंटची स्मारके गावांमध्ये उभी राहिली. या स्मारकांवर टीकाही होते, आणि ती रास्त आहे: जिवंत माणसाचे घर गळत असताना मेलेल्यांसाठी मनोरे बांधायचे! मुलींना जमिनीत वाटा न देणारी ही पितृसत्ताक चौकट आहे, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की पैशाचा प्रवाह डोंगराकडे वर जातो. मोखाड्याचा मजूर दिवाळीला उतरतो तेव्हा त्याच्या मजुरीतला मोठा भाग बयाण्याच्या रूपाने आधीच खाऊन झालेला असतो. वर नेण्यासाठी उरते ते फार थोडे. दोन्हीकडे माणसे डोंगर उतरतात. एकीकडे माणूस शिक्षण आणि जमिनीचा दावा बरोबर घेऊन उतरतो, दुसरीकडे कर्ज घेऊन.

ही तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप येईल. तोबाची माती ज्वालामुखीची, सरोवराचे पाणी हाताशी. शिवाय जर्मन मिशनरी लुडविग नोमेन्सन 1862 साली सुमात्रात पोचला आणि त्याच्यामागून शाळा आल्या, म्हणजे दीडशे वर्षांची आघाडी. यातला शाळांचा भाग मला पूर्ण मान्य आहे. मातीचा भाग तितकासा टिकत नाही. 1980 च्या दशकात खुद्द इंडोनेशियात तापानुली या बाताक प्रदेशाला 'दारिद्र्याचा नकाशा' म्हटले जात असे. डोंगरातली शेती तिथेही पोटापुरती पुरत नव्हती, म्हणून तर माणसे बाहेर पडली. शाळांचे म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात त्यांचा वारसा अगदीच नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत शाळा नेली, अंगणात आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातही. पण जी शाळा नोव्हेंबरमध्ये मुलाच्या हातून सुटते ती कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग अर्धाच. बाताक मुलगा शाळा संपवून गाव सोडत होता. इथला मुलगा शाळा सोडून गाव सोडतो. क्रमातल्या या फरकाने पुढच्या पिढीत दोन वेगळे समाज तयार होतात.

जमिनीच्या बाबतीत तर तुलना आणखी जवळ येते. तोबाच्या दक्षिण-पश्चिमेला पांडुमान-सिपितुहुता या गावांचे लोक लोबानाच्या जंगलावर जगतात. झाडाला खाच पाडून पाझरणारा डिंक गोळा करायचा, हा त्यांचा जुना धंदा. सुमात्रातला लोबान आणि कापूर बारुस बंदरातून शतकानुशतके हिंदुस्थानात येत होता. बारुसजवळ 1088 सालचा तमिळ व्यापाऱ्यांचा शिलालेखही सापडला आहे. हे जंगल सरकारी ठरवून लगद्याच्या कारखान्याला भाडेपट्ट्याने दिले गेले, झाडे पडू लागली, आणि गाव उभे राहिले. बायका या लढ्यात पुढे होत्या. 2013 साली इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने निर्णय दिला की परंपरेने गावसमाजाचे असलेले जंगल सरकारी जंगल मानता येणार नाही, आणि 2016 च्या डिसेंबरात या गावांचा हक्क राष्ट्राध्यक्षांनी मान्य केला. नंतर हद्द आखताना मागितल्यापेक्षा कमी क्षेत्र पदरी पडले, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. आपल्याकडे 2006 चा वनहक्क कायदा याहून आधीचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 साली त्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू स्वतः विकला. पालघरमध्ये भर राहिला तो वैयक्तिक दाव्यांवर, कसत असलेल्या एकरा-दोन एकरांवर. ते आवश्यक होते. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या हजारो शेतकऱ्यांची ती मुख्य मागणी होती. पण वरकस जमिनीचा एकर नावावर झाला म्हणून दिवाळीनंतर घरी थांबता येत नाही. थांबण्यासाठी जंगलाचे उत्पन्न किंवा पाणी, दोनपैकी काहीतरी हाती असावे लागते.

पाण्याने काय होते याचा पुरावा पठारावरच आहे. बायफ संस्थेने जव्हार भागात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या, आणि जव्हार-विक्रमगडमध्ये मोगऱ्याची लागवड पसरली. तिथली फुले दादरच्या फुलबाजारात येतात. प्रगती प्रतिष्ठानसारख्या जव्हारच्या संस्थांनी सौरपंपाने पाड्यावर पाणी चढवले. मोगऱ्याला थोडी जमीन पुरते, पण रोज तोडणी लागते, म्हणजे माणूस घरी लागतो. ज्या कुटुंबाकडे डिसेंबरनंतर मोगऱ्यापुरते पाणी आहे, त्याला भट्टीवर जायचे की नाही हे ठरवता येते. गेलेच तर भाव करूनही जाता येते, आणि माझ्या दृष्टीने जाणे थांबण्यापेक्षा ही गोष्ट मोलाची आहे.

कारण उरलेला आक्षेप रोखठोक आहे: ही गावे टिकवायचीच कशाला? लोकांना शहरात यायचे असेल तर येऊ द्या, नालासोपाऱ्यात घर घेऊ द्या. जरूर येऊ द्या. गाव संग्रहालयासारखे जपावे असे माझे म्हणणे नाही. वारली चित्रे भिंतीवर टांगणाऱ्यांनी वारल्याला कुडातच बसवून ठेवण्याचा आग्रह धरू नये. पण भट्टीवर येणारा माणूस शहरात येतच नसतो. तो सहा-सात महिने शहराच्या कडेला राबतो आणि पावसाळ्यात बिनपगारी रजेवर परत पाठवला जातो. त्याच्या आजारपणाचा, म्हातारपणाचा आणि मुलांच्या पोषणाचा खर्च गाव उचलते. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला, आणि चर्चा झाली ती आरोग्यकेंद्राची, रस्त्याची, अंगणवाडीची. तिची गरज होतीच. ती मुले ज्या घरातली, त्या घराच्या कणगीचे आणि बयाण्याचे गणित मात्र चर्चेच्या कडेलाच राहिले.

मालकांचीही एक बाजू आहे. बयाणा दिला नाही तर मजूर येत नाही, घेऊन पळून गेला तर पैसे बुडतात. शिवाय पावसाळ्यात आदिवासी कुटुंबाला रोख दुसरे देते कोण? हा प्रश्न चोख आहे आणि त्याचे उत्तर सरकारला 1978 सालीच सुचले होते. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना नेमकी याच उपासमारीच्या महिन्यांसाठी होती. करोनाकाळात 2020 मध्ये ती अनुदान म्हणून आली, कुटुंबाला 4,000 रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. एकदा आली. मुकादम मात्र दरवर्षी येतो, आणि सही-शिक्क्याशिवाय पैसे देतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर आषाढात घरपोच येणारी, दरसाल न चुकता येणारी खावटी लागेल.

तोवर एक साधन हाताशी आहे, आणि ते फारसे वापरले जात नाही. जव्हार आणि मोखाडा हे पूर्ण अनुसूचित क्षेत्रातले तालुके. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 साली केले. बयाणा ही सावकारी नाही, ती आगाऊ मजुरी आहे, असा युक्तिवाद होईल. पण 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा अशी उचल देणाऱ्याला धनको आणि घेणाऱ्याला ऋणको म्हणतो. तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या गावांनी दिवाळीआधीच्या, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एवढाच ठराव करावा: या गावात दिलेला प्रत्येक बयाणा, भट्टीचे ठिकाण, हजार विटांचा दर आणि हिशोबाची तारीख ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदली जाईल, आणि नोंद नसलेल्या बयाण्याची वसुली गाव मानणार नाही. वसई-विरारच्या वाचकाला माझी विनंती याहून लहान आहे. घर बांधताना किंवा घेताना आपण विटेचा दर्जा विचारतो, भाव विचारतो. ज्यांनी ती पाडली त्यांचा हिशोब कोणत्या ग्रामपंचायतीच्या वहीत आहे, हेही बिल्डरला विचारावे.